हातापायांतील नसांचे जुनाट दुखणे आणि रोजची कामे

नसेचे दुखणे जडलेल्या माणसाचा हात किंवा पाय बाहेरून पाहणाऱ्याला बहुधा धडधाकट दिसतो. सूज नसते, जखम नसते, क्ष-किरण चित्रात काही सापडत नाही. तरीही तळपायाची आग होते, बोटांतून विजेचा झटका बसावा तशी कळ जाते, पांघरुणाचा काठ नुसता लागला तरी कातडी सोलवटल्यासारखी होते, आणि त्याच पायाच्या टाचेखाली काचेचा तुकडा आला तर मात्र पत्ताही लागत नाही. हे सारे एकाच अवयवात एकाच वेळी खरे असू शकते, आणि म्हणूनच हे दुखणे दुसऱ्याला समजावून सांगणे फार जड जाते. बोलण्यात आपण रक्तवाहिनीलाही नसच म्हणतो. या लेखात मात्र नस म्हणजे मज्जातंतू, म्हणजेच संवेदना मेंदूकडे नेणारा आणि मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत आणणारा धागा, असाच अर्थ धरला आहे.

दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले की त्याला जुनाट म्हणतात. मधुमेहाने पायांच्या नसा बिघडतात, नागीण बरी झाल्यावरही तिची आग मागे राहते, मनगटात किंवा कोपरात नस दाबली जाते, कमरेतून पोटरीपर्यंत कळ उतरते, अपघातात किंवा शस्त्रक्रियेत नस दुखावते, कर्करोगावरील काही औषधांनी बोटांची टोके बधिर होतात. कारणे वेगळी आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत; पण अंघोळ, कपडे, स्वयंपाक, लिहिणे, जिना आणि झोप यांतून दिवस पार पाडण्याची रीत मात्र बरीचशी सारखी आहे, आणि हा लेख त्या रीतीविषयी आहे.

दुखण्याची जात ओळखणे

बोट भाजले की दुखते, ही संदेशाची सरळ गोष्ट आहे: इजा बोटाला होते, नस ती बातमी नेते. नसेच्या दुखण्यात बिघाड बातमी नेणाऱ्या धाग्यातच असतो. दुखावलेल्या भागातून ती नस कोणतेही कारण नसताना आपणहून संदेश सोडू लागते. हे दीर्घकाळ चालले की मज्जारज्जूतील पेशीही अधिक संवेदनशील होतात आणि येणारा प्रत्येक संदेश मोठा करून वर पाठवतात. त्यामुळे साध्या स्पर्शाचा संदेशही वेदना म्हणून पोहोचतो. दुसरीकडे, ज्या धाग्यांची वाहकता गेली आहे तेथून काहीच बातमी येत नाही. आग आणि बधिरपणा एकाच तळपायात नांदतात ते यामुळे.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढची प्रत्येक सूचना त्यांवर उभी आहे. पहिली अशी की या दुखण्यात वेदनेच्या तीव्रतेवरून इजेचे माप काढता येत नाही. भाजी चिरताना हाताची आग वाढली म्हणजे हात आणखी बिघडला असे नाही, म्हणून काम कधी थांबवायचे हे वेदनेने नव्हे, घड्याळाने ठरवावे लागते. दुसरी गोष्ट याच्या नेमकी उलट दिशेने जाते: बधिर भागाला खरी इजा झाली तरी ती कळणार नाही, म्हणून तेथे स्पर्शाचे काम डोळ्यांवर सोपवावे लागते. माझ्या पाहण्यात रुग्ण बहुधा पहिल्या गोष्टीने घाबरलेले असतात आणि दुसरीकडे त्यांचे लक्षच गेलेले नसते, हे मला सर्वांत काळजीचे वाटते.

डॉक्टरांकडून आधी काय तपासून घ्यावे

घरच्या घरी काही सुरू करण्यापूर्वी दुखण्याचे मूळ शोधलेले असले पाहिजे, कारण काही मुळे दुरुस्त होण्यासारखी असतात. रक्तातील साखर, ब१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांच्या तपासण्या साध्या आहेत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब१२ कमी होऊ शकते, हे आवर्जून विचारावे. नसांची ताकद वाढावी म्हणून स्वतःच्या मनाने ब६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या महिनोन्महिने घेणे धोक्याचे आहे, कारण त्याच्या अतिरेकाने नसाच बिघडतात. अनेक मिश्र गोळ्यांत ते असते, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत. मद्य नसांना थेट अपाय करते आणि तंबाखू त्यांचा रक्तपुरवठा घटवते, हेही येथेच सांगितले पाहिजे.

काही लक्षणे दिसली तर हा लेख बाजूला ठेवून त्वरित रुग्णालयात जावे. जांघेत व बैठकीच्या भागात बधिरपणा येणे आणि लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, पाऊल किंवा मनगट अचानक लुळे पडणे, काही तासांत किंवा दिवसांत अशक्तपणा झपाट्याने वर चढत जाणे, चेहऱ्यासह एका बाजूची शक्ती जाणे, हात किंवा पाय एकाएकी थंड व पांढरा पडणे, पोटरी सुजून गरम होणे, बधिर पावलावर फोड, जखम किंवा काळसर डाग दिसणे. हाड मोडल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर दुखणे उतरण्याऐवजी वाढत जाऊन हाताचा रंग, घाम आणि उष्णता दुसऱ्या हातापेक्षा वेगळी होऊ लागली, तर तेही आठवडे वाट पाहण्याचे काम नाही. अशा विकारात उपचार जितका लवकर, तितका हात वापरात राहण्याची शक्यता जास्त असते.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची नोंद

एक साधी वही घ्यावी आणि दोन आठवडे काहीही न बदलता नुसते टिपत जावे. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र अशा चार वेळांना दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्यावा. त्यापुढे त्या वेळी काय चालले होते, किती मिनिटे चालले होते आणि दुखणे कोणत्या जातीचे होते, हे एका ओळीत लिहावे. आग, चमक, मुंग्या, ठणका, सुया टोचणे, कापडासारखा जाड बधिरपणा, हे शब्द वेगवेगळे वापरावेत, कारण डॉक्टरांना या फरकावरून बरेच कळते. रात्री किती वेळा जाग आली, तेही टिपावे.

नोंद वाचताना तीव्र आकड्यांपेक्षा त्यांच्या आधीचे दोन तास पाहावेत. कित्येकदा दुखणे काम चालू असताना नव्हे, तर ते संपल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी उसळते, आणि नोंद नसेल तर ते विनाकारण आले असे वाटते.

दुसरी पायरी: काम घड्याळावर बांधणे

बहुतेकांचा दिवस असा जातो: बरे वाटते आहे तोवर साठलेली सगळी कामे उरकून घ्यायची, मग दुखणे उसळले की दोन दिवस अंथरुण धरायचे, आणि पुन्हा बरे वाटले की तेच. या चढउतारात प्रत्येक फेरीला अंगातली ताकद थोडी घटते, कारण पडून राहिल्याने स्नायू व सांधे दोन्ही आखडतात, आणि मज्जासंस्थेला हालचाल व वेदना यांची सांगड आणखी पक्की शिकवली जाते. मला विचाराल तर या सबंध लेखातला एकच भाग आचरणात आणायचा झाला, तर तो हा आणावा.

एक काम निवडावे. तीन सामान्य दिवशी ते नेहमीसारखे करून, दुखणे स्पष्टपणे वाढायला किती मिनिटे लागली ते मोजावे. समजा, भाजी निवडताना व चिरताना पहिल्या दिवशी १२ मिनिटांनी, दुसऱ्या दिवशी ८ मिनिटांनी आणि तिसऱ्या दिवशी १० मिनिटांनी हाताची आग वाढली. सरासरी १० मिनिटे निघते. आपले माप त्याच्या चारपंचमांश, म्हणजे ८ मिनिटे धरावे. आता घड्याळात ८ मिनिटांचा गजर लावावा, आणि तो वाजला की दुखत असो वा नसो, हात थांबवावा. दोन-तीन मिनिटे हात सैल सोडून किंवा वेगळ्याच हालचालीचे काम करून पुन्हा ८ मिनिटे घ्यावीत. एक आठवडा हे माप वाढवायचे नाही. दुसऱ्या आठवड्यात ते ९ मिनिटे करावे आणि पुढेही साधारण दहा टक्क्यांच्या बेतानेच जावे.

यातला अवघड भाग वाईट दिवसांचा नसून चांगल्या दिवसांचा असतो. काहीही दुखत नसताना आठव्या मिनिटाला सुरी खाली ठेवणे मनाला पटत नाही, वेळ वाया गेल्यासारखे वाटते, आणि घरातले कोणी पाहत असेल तर संकोचही वाटतो. पण नेमके त्याच क्षणी थांबण्याने काम आणि वेदना यांची गाठ सुटू लागते. वाईट दिवशीही माप शून्यावर आणू नये, निम्म्यावर आणावे.

दिवसाची आखणी करताना एकाच जातीची कामे सलग ठेवू नयेत. मुठीने घट्ट धरण्याचे काम, त्यामागून चालण्याचे, त्यामागून बसून करण्याचे, अशी आलटापालट केली तर एकाच नसेवर भार राहत नाही. सकाळी औषधांची सुस्ती असेल तर सुरी, विस्तव आणि जिना यांची कामे ती उतरल्यावर घ्यावीत.

अंघोळ आणि कपडे

पाण्याची उष्णता बधिर हाताने किंवा पायाने कधीही पाहू नये. चांगल्या हाताने पाहावी, आणि दोन्ही हात बधिर असतील तर थर्मामीटर वापरावा. ३७ ते ३८ अंश सेल्सिअस पुरेसे आहे. बसून अंघोळ करता येईल असे न घसरणारे स्टूल आणि भिंतीला पक्का दांडा, या दोन गोष्टी पायाचे दुखणे असणाऱ्याने म्हातारपणाची वाट न पाहता करून घ्याव्यात. पायांतून जमिनीची खबर मिळत नसेल, तर डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो; त्या वेळी एका हाताने बेसिनची कड धरावी.

टॉवेलने घासू नये, दाबून पाणी टिपावे. हलका, सरकता स्पर्श ज्यांना असह्य होतो, त्यांना तळहाताचा स्थिर व भक्कम दाब बहुधा सोसतो. वेदनेचे संशोधक रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशासाठी जणू एक दार असते, आणि स्पर्श व दाब वाहून नेणारे जाड तंतू जागे झाले की ते दार काहीसे लोटले जाते. ठेच लागल्यावर आपण नकळत ती जागा दाबून धरतो त्याचे हेच कारण सांगतात. कपड्यांनाही हेच लागू पडते: वाऱ्याने फडफडणारी सैल बाही जितकी छळते, तितकी अंगाबरोबर बसणारी मऊ बाही छळत नाही. मात्र ती करकचणारी नसावी. तिचा वळ उठत असेल तर ती काढावी.

कपडे बसूनच घालावेत. घालताना दुखरा हात किंवा पाय आधी, काढताना तो शेवटी, हा क्रम ठेवला की त्याला वाकवावे व ओढावे लागत नाही. मोज्यांची शिवण बोटांवर येत असेल तर मोजे उलटे घालावेत.

स्वयंपाकघर आणि हातांची कामे

हाताच्या दुखण्यात सर्वांत जास्त ताण बारीक वस्तू चिमटीत धरण्याने आणि मनगट वाकवून पिळण्याने येतो. सुरी, चमचा, झारा, पेन आणि दात घासण्याचा ब्रश यांच्या मुठींवर फोमची नळी किंवा कापडी पट्टी गुंडाळून त्या जाड केल्या, की बोटांना कमी जोर लावावा लागतो. भांडे उचलण्याऐवजी ओट्यावरून सरकवावे, आणि उचलायचेच असेल तर दोन्ही हातांनी, कोपर अंगाजवळ ठेवून उचलावे. बरणीचे झाकण उघडताना खाली ओला फडका आणि वर रबरी तुकडा ठेवून, बोटांऐवजी सबंध तळव्याने फिरवावे.

बधिर बोटांना चटका कळत नाही आणि हातातून वस्तू कधी सुटली हेही कळत नाही. गरम भांड्याला हात लावण्याआधी हातमोजा चढवण्याची सवय लावावी. उकळते पाणी घेऊन चालू नये. चिरताना बोलणे थांबवून नजर बोटांवर ठेवावी, कारण येथे डोळा हटला की दुसरा राखणदार नाही.

लिहिणे, कॉम्प्युटर आणि मोबाईल

मनगटात दबलेली नस मनगट वाकवल्याने आणि कोपरात दबलेली नस कोपर दुमडून ठेवल्याने चिडते. त्यामुळे कळफलकावर काम करताना मनगट सरळ आणि हाताच्या पुढच्या भागाला टेबलाचा आधार, अशी बैठक असावी. कोपर टेबलाच्या कडेवर टेकू नये. मोबाईल कानाला लावून बोलणे म्हणजे कोपर पूर्ण दुमडून धरणे होय, म्हणून लांब बोलणे स्पीकरवर किंवा इअरफोनवर करावे. मोठा मजकूर बोलून टंकित करण्याची सोय आता मोबाईलमध्ये मराठीतही आहे, ती वापरण्यात कमीपणा मानू नये. ज्यांची कळ कमरेतून पायात उतरते त्यांनी बसण्याचे मापही वर सांगितल्याप्रमाणे काढावे. २० ते ३० मिनिटांनी उभे राहणे हा चांगला आरंभ आहे.

चालणे, जिना, वाहन

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. हे अनेकांना उलटे वाटते, पण चालताना दुखरा पाय आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा हात एकाच वेळी पुढे येतात, म्हणून भार तिकडेच वाटला जातो. काठीची उंची अशी असावी की हात सैल सोडून उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी. जिना चढताना आधी चांगला पाय वर टाकावा, उतरताना आधी दुखरा पाय आणि काठी खाली ठेवावी, आणि कठडा सोडू नये.

बधिर पावलांनी घरातही अनवाणी चालू नये. पायांत घालण्यापूर्वी बुटात हात घालून आतून चाचपावे. हातही बधिर असेल तर बूट उलटा करून झटकावा आणि आत पाहावे. पुढचा भाग रुंद, तळ जाड आणि टाच आधाराची असलेले पादत्राण निवडावे; नवीन जोडा पहिल्या दिवशी तासाभराने काढून पाऊल लाल झाले आहे का ते तपासावे. रोज रात्री दोन्ही पावले उजेडात पाहावीत: बोटांच्या बेचक्या, टाच, आणि आरशाने तळवा. एक मिनिटाचे हे काम पाय वाचवते, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे, कारण मधुमेही पायाच्या मोठ्या जखमांची सुरुवात पुष्कळदा न कळलेल्या एका फोडाने होते. कुरूप किंवा घट्टा ब्लेडने कापू नये.

ज्याला पायाखालचा ब्रेक नीट जाणवत नाही, किंवा ज्याला औषधाने गुंगी येते, त्याने गाडी चालवू नये. यात अपवाद काढण्यास मी तयार नाही.

रात्र

दुखणे रात्री वाढल्यासारखे वाटते, कारण दिवसभर मन ज्यात गुंतलेले असते ते सारे तेव्हा थांबते, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी वेदना सोसण्याची शक्तीही घटते. पांघरूण पावलांवर टेकू नये म्हणून अंथरुणाच्या पायथ्याशी एक रिकामे खोके आडवे ठेवून त्यावरून ते सोडावे. मनगटात नस दबली असेल तर मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट फक्त रात्री बांधूनही अनेकांना आराम पडतो. कोपरासाठी सैल गुंडाळलेला टॉवेल चालतो, म्हणजे झोपेत हात पूर्ण दुमडला जात नाही. कमरेच्या कळीसाठी कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी.

बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नये आणि बर्फही लावू नये. थंडी वाजत असेल तर मोजे घालावेत. आगीने व्याकूळ होऊन पाय थंडगार पाण्यात तासन्तास बुडवून ठेवणारी माणसे असतात. त्याने कातडी भिजून फुटते आणि जखमा होतात. शौचालयापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा चालू ठेवावा, कारण पायांनी न कळणारी जमीन अंधारात डोळ्यांनाही कळत नाही.

तिसरी पायरी: कातडीला स्पर्श पुन्हा शिकवणे

साध्या स्पर्शाने दुखणारी जागा जपत राहिलो तर ती आणखी हळवी होते. उलट दिशेची सवय हळूहळू लावता येते, मात्र कातडी अखंड असली पाहिजे आणि दाह किंवा जंतुसंसर्ग नसावा. कापूस, रेशमी कापड, सुती कापड, टॉवेल, लोकरी कापड आणि नरम ब्रश अशा चढत्या खरखरीत वस्तू जमवाव्यात. सर्वांत मऊ वस्तू आधी चांगल्या अवयवावर फिरवून तो स्पर्श कसा वाटतो हे मन लावून पाहावे. मग तीच वस्तू दुखऱ्या जागेच्या कडेला, जेथे संवेदना बरी आहे तेथून, आतल्या बाजूला हळू सरकवत न्यावी. दोन ते पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. अस्वस्थता होईल, ती सोसवेल इतकीच असावी, आणि थांबल्यावर थोड्या वेळात पूर्ववत व्हावी. तासाभरानेही दुखणे चढलेलेच राहिले तर पुढच्या वेळी निम्मा वेळ घ्यावा. एखादी वस्तू चार-पाच दिवस सहज सोसवली की पुढची घ्यावी.

काही रुग्णांत हात हलवण्याच्या नुसत्या विचाराने कळ येते. त्यांच्यासाठी आरसा वापरण्याची पद्धत आहे: दुखरा हात आरशामागे, चांगला हात आरशासमोर, आणि चांगल्या हाताच्या प्रतिबिंबाकडे पाहत त्याची सावकाश हालचाल. अवयव गमावल्यावर त्याच्याच जागी दुखत राहणाऱ्या रुग्णांसाठी मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात ती प्रथम वापरली. ती सरसकट सर्वांना लागू पडत नाही आणि काहींचे दुखणे तिने वाढते, म्हणून पहिल्या बैठका फिजिओथेरपिस्टसमोर कराव्यात. नस सरकवण्याच्या, म्हणजे ठरावीक हालचालींनी नस तिच्या वाटेत हळू मागेपुढे करण्याच्या, व्यायामांबाबतही हेच म्हणेन. चित्र पाहून जोराने ताणलेली नस दिवसभर मुंग्या आणते.

चालण्याचा किंवा पाण्यातील व्यायाम मात्र जवळजवळ सर्वांनी आपल्या मापात रोज करावा.

औषधांशी कसे वागावे

पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन यांसारख्या नेहमीच्या वेदनाशामकांचा या दुखण्यावर फारसा प्रभाव पडत नाही, आणि आयब्युप्रोफेनच्या गटातील गोळ्या रोज घेतल्याने जठर व मूत्रपिंड यांना अपाय होतो. येथे डॉक्टर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन देतात. यांतली काही मुळात अपस्मारासाठी किंवा नैराश्यासाठी आली. ती चिठ्ठीवर पाहून रुग्ण दुखावतो आणि आपले दुखणे मनाचे खेळ मानले गेले असे समजतो. तसे नसते. ही औषधे नसांतून व मज्जारज्जूतून चाललेला अवाजवी संदेश शांत करतात, म्हणून दिली जातात.

ती दुखेल तेव्हा घेण्याची नसून ठरल्या वेळी रोज घेण्याची असतात. मात्रा लहान ठेवून सुरू करतात आणि पायरीपायरीने वाढवतात. फरक पडतो की नाही हे ठरवायला कित्येक आठवडे द्यावे लागतात. सुरुवातीला गुंगी, चक्कर, तोंडाला कोरड किंवा पायांवर सूज येऊ शकते, ते डॉक्टरांना सांगावे, पण औषध एकाएकी बंद करू नये. मूत्रपिंडाचा विकार असेल तर गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन यांची मात्रा कमी ठेवावी लागते, आणि मद्य, झोपेच्या गोळ्या किंवा अफूवर्गीय वेदनाशामके यांच्या जोडीने ती श्वास मंदावू शकतात. दुखणे लहानशा जागेपुरते असेल तर लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा कातडीवर चिकटवायचा पट्टा विचारून पाहावा; तो २४ तासांत जास्तीत जास्त १२ तास लावतात. कॅप्सायसिनचे, म्हणजे मिरचीतील तिखट द्रव्याचे, मलम पहिल्या काही दिवसांत स्वतःच आग करते, आणि ते लावलेला हात धुतल्याविना डोळ्यांजवळ नेऊ नये.

दुखणे सातवरून चारवर आले, सलग पाच तास झोप लागली, जिना चढवू लागला, तर औषध काम करते आहे असे समजावे. दुखावलेली नस पुन्हा वाढू लागली तरी दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर ४० सेंटीमीटर धरले तर वर्षाहून अधिक काळ लागतो. ज्यांची नस वाढण्यासारखी आहे त्यांनी हा हिशेब लक्षात ठेवला तर तिसऱ्या महिन्यात निराश होऊन उपचार सुटत नाहीत.

दुखणे उसळले तर

उसळीच्या वेळी विचार सुचत नाही, म्हणून तिचा कागद आधीच लिहून भिंतीवर लावावा. त्यावर असावे: आजची सर्व मापे निम्मी, अमुक कामे अमुक व्यक्तीकडे, तळहाताने भक्कम दाब पाच मिनिटे, चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर, दहा मिनिटे, डॉक्टरांनी ठरवून दिलेले जादा औषध असल्यास तेवढेच. दर दोन तासांनी सांध्यांची हलकी हालचाल करावी, म्हणजे अवयव आखडत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून मापे पुन्हा चढवत आठवड्याभरात पूर्वीच्या जागी यावे. उसळी नेहमीपेक्षा वेगळ्या जागी, वेगळ्या जातीची किंवा नव्या अशक्तपणासह आली, तर कागदाचा उपयोग नाही, डॉक्टरांना दाखवावे.

दीर्घकाळच्या या दुखण्यात नैराश्य येणे अगदी स्वाभाविक आहे, आणि ते आले की वेदनाही वाढते. झोप, भूक व माणसांत बसण्याची इच्छा सलग दोन आठवडे गेलेली असेल, किंवा जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील, तर तेही त्याच डॉक्टरांना त्याच स्पष्टपणे सांगावे आणि मानसोपचाराची मदत घ्यावी. जीव देण्याचा विचार आल्यास त्या रात्री एकटे राहू नये.

घरातल्या माणसांना काय सांगावे

घरच्यांना दुखणे दिसत नाही, म्हणून त्यांना मोघम नव्हे तर नेमके सांगावे. आज डावा हात धरू नका, उजव्या बाजूने चला. स्पर्श करण्याआधी सांगा आणि मग हलके न कुरवाळता तळहात पक्का टेकवा. गजर वाजल्यावर मी थांबलो तर उरलेले काम लगेच हातातून घेऊ नका, मी पाच मिनिटांनी परत येणार आहे. ही शेवटची विनंती करणे फार गरजेचे आहे, कारण मायेपोटी एकेक काम काढून घेतले गेले की काही महिन्यांत हाताला करायला काही उरत नाही. तळव्यांची रात्रीची तपासणी मात्र, नजर कमी असेल तर, रोज ठरल्या वेळी दुसऱ्याने करावी, आणि वहीत त्या तारखेपुढे सही करावी.